खोक्यावरचा आकडा आणि कानातला सूर

बिनतारी हेडफोन घ्यायला गेलात की खोक्यावर मोठ्या अक्षरात काही आकडे दिसतात. सेकंदाला ९९० किलोबिट, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. शेजारी 'हाय-रेझ ऑडिओ वायरलेस' असा शिक्का. मग आपण घरी येऊन दोन-चार परीक्षणं बघतो, आणि तिथे कोडेकची एक उतरंड मांडलेली असते. सगळ्यात खाली बिचारा एसबीसी, त्याच्यावर एएसी, मग ॲप्टएक्स, आणि कळसाला एलडॅक. ही उतरंड इतक्या वेळा सांगितली गेली आहे की पाढ्यासारखी पाठ झाली आहे, आणि पाढा कोणी तपासून बघत नाही.

आज तेच करायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कंप्युटरवरून बिनतारी संगीत ऐकताना आवाजाचा दर्जा बहुतेक वेळा या उतरंडीवर ठरत नाही. तो ठरतो साखळीतल्या सर्वांत अरुंद कडीवर, आणि ती कडी खोक्यावर छापलेली नसते.

आधी थोडा हिशोब

सीडीवरच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ब्लूटूथचं जे जुनं रूप आपण संगीतासाठी वापरतो त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला २ ते ३ मेगाबिट असला, तरी पोचपावत्या, हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवणं, हे सगळं वजा केल्यावर उरणाऱ्या जागेत सीडीचा आवाज जसाच्या तसा भरवशाने बसत नाही. म्हणून तो आवळावा लागतो. आवळायची आणि पलीकडे पुन्हा उलगडायची जी रीत, ती म्हणजे कोडेक.

आता खोक्यावरचा ९९० घ्या. सीडीच्या १,४११ च्या तुलनेत तो ७० टक्के आहे, म्हणजे चांगलाच. पण खोका सीडीबद्दल बोलतच नाहीये! तो ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांबद्दल बोलतोय, आणि त्याचा गुणाकार येतो सेकंदाला ४६,०८,००० बिट. त्यातले ९९० किलोबिट म्हणजे जेमतेम २१ टक्के. 'हाय-रेझ' असा शिक्का मारलेल्या मार्गावर जवळजवळ चार-पंचमांश बिट वाटेत उतरवून ठेवलेले असतात.

न्यायाने बोलायचं तर बिट कमी झाले म्हणजे तितकंच संगीत कमी झालं असं नाही. फ्लॅकसारखी पद्धत एकही नमुना न गमावता फाईल निम्म्याच्या आसपास आणून ठेवते. तेव्हा माझी तक्रार एलडॅकबद्दल नाही, तो चांगला कोडेक आहे. तक्रार त्या शिक्क्याबद्दल आहे. तो आत काय शिरलं ते सांगतो, बाहेर काय आलं याबद्दल गप्प राहतो.

अजून एक गोष्ट. एलडॅकचे ठरलेले टप्पे तीन आहेत: ९९०, ६६० आणि ३३०. रेडिओची परिस्थिती बिघडली की तो खाली उतरू शकतो. आणि शेवटची पायरी, ३३०, ही त्या 'बिचाऱ्या' एसबीसीच्या नेहमीच्या ३२८ च्या शेजारीच आहे.

एसबीसी इतका वाईट आहे का?

ब्लूटूथवरून संगीत पाठवण्याचा नियमसंच (ए-टू-डीपी) २००३ सालचा. त्यात एक अट आहे: बाकी काही येवो न येवो, एसबीसी प्रत्येक उपकरणाला आलाच पाहिजे. तेव्हाच्या चिप अशक्त, बॅटऱ्या लहान, म्हणून हा कोडेक मुद्दाम साधा ठेवला.

तो करतो काय? ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्याचे सहसा ८ समान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला ऐपतीप्रमाणे बिट वाटतो. सीडीच्या हिशोबात ८ तुकडे म्हणजे प्रत्येक तुकडा २,७५६ हर्ट्झचा. आता विचार करा, पहिल्या तुकड्यात काय काय आलं? गवयाचा षड्ज, त्याचे सगळे महत्त्वाचे स्वर, हार्मोनियम, तबल्याचा बायाँ, सगळी वस्ती एकाच खोलीत. आवळताना होणारी चूक (तिला आपण खरखर म्हणू) या संपूर्ण खोलीभर पसरते. एमपी३ किंवा एएसी याच जागेत कितीतरी बारीक कप्पे करतात आणि खरखर मोठ्या स्वराच्या अगदी आडोशाला लपवतात, जिथे कान तिला पकडत नाही.

इथपर्यंत उतरंड बरोबर वाटते. पण या साधेपणाचा एक फायदाही आहे. एसबीसी एका वेळी फक्त १२८ नमुने हाताळतो, म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद. एमपी३ची चौकट १,१५२ नमुन्यांची, २६ मिलिसेकंदांची. लांब चौकटीत एखादा तीक्ष्ण आघात आला की खरखर त्या आघाताच्या आधीच ऐकू यायला लागते. एमपी३ घडवताना कॅस्टनेटच्या टकटकाटाने संशोधकांना छळलं ते याच कारणाने. म्हणजे तत्त्वतः तबल्याच्या 'ना'साठी एसबीसीची छोटी चौकट सोयीची, आणि तानपुऱ्याच्या दाट, संथ, स्वरांनी भरलेल्या आवाजासाठी एमपी३-एएसीचे बारीक कप्पे सोयीचे. 'कुठला कोडेक चांगला' हा प्रश्न 'कशासाठी' हे विचारल्याशिवाय अर्धवट आहे.

जाता जाता, ॲप्टएक्सची गोष्ट आमच्यासारख्यांना धीर देणारी आहे. तो जन्मला १९८०च्या दशकात, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत, स्टीफन स्मिथ यांच्या पीएचडीच्या कामातून. ब्लूटूथच्या कितीतरी आधी! त्याची गंमत अशी की तो नेहमी चारास एक आवळतो, सीडीचे १,४११ किलोबिट घेऊन ३५२ देतो. एसबीसीचे ३२८ आणि हे ३५२ यांतला फरक बघा, आणि मग परीक्षणांमध्ये वापरलेली 'जमीन-अस्मान' वगैरे विशेषणं बघा.

तुमचा लॅपटॉप कुठली भाषा बोलतो?

कोडेक ही दोघांची बोली असते. हेडफोनला एलडॅक येत असून भागत नाही, लॅपटॉपलाही यायला हवा. विंडोज आणि मॅक, दोन्हींमध्ये एलडॅक मुळातून दिलेलाच नाही. मॅक एएसी आणि एसबीसी बोलतो. विंडोज १० एसबीसी आणि ॲप्टएक्स बोलायचं, विंडोज ११ मध्ये एएसीची भर पडली. लिनक्सवर पाइपवायर असेल तर एलडॅक मिळतो, शिवाय एसबीसीचंच जास्त बिट वापरणारं एक रूपही मिळतं.

म्हणजे बघा, ज्या आकड्यासाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजले, तो फोनला जोडल्यावर कदाचित वापरात येतो. लॅपटॉपला जोडल्यावर दोघं मुकाट्याने जुन्या सामाईक बोलीवर येतात, आणि पडद्यावर तसं कुठेही लिहून येत नाही. परीक्षणात 'फोनवर तपासलं की कंप्युटरवर' हे सांगितलेलं नसेल, तर कोडेकबद्दलचा तो परिच्छेद खुशाल सोडून द्या.

कानांची परीक्षा

आता संशोधनाकडे येऊ. 'हाय-रेझ' आणि सीडी यांतला फरक माणसाला ऐकू येतो का? इथे दोन अभ्यास वारंवार फेकले जातात, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने.

पहिला मेयर आणि मोरन यांचा, २००७ सालचा. त्यांनी हाय-रेझ आवाजाच्या वाटेत मध्येच सीडीच्या दर्जाचा अडथळा घातला आणि ऐकणाऱ्यांना विचारलं, ओळखा. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर २७७ आली असती. झालं, 'कोणालाच काही कळत नाही' असं म्हणणारा पंथ खूश.

दुसरा जोशुआ राइस यांचा, २०१६ सालचा. त्यांनी १८ अभ्यास एकत्र केले, साडेबारा हजारांहून जास्त प्रयत्न. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक योगायोगाच्या पलीकडचा होता, आणि प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत तो आणखी स्पष्ट होता. झालं, 'फरक सिद्ध झाला' म्हणणारा पंथ खूश.

मला दोन्ही पंथांशी भांडायचं आहे. हे दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध आहेत असं समजणं हीच मुळात गफलत आहे. ५५४ वेळा नाणं उडवलं तर उत्तर २७७ च्या अलीकडे-पलीकडे १२ ने सहज हलतं. खरा परिणाम ५२.३ टक्क्यांचा असेल तर ५५४ मध्ये २९० बरोबर उत्तरं अपेक्षित, म्हणजे फक्त १३ जास्त. तेवढा फरक नाण्याच्या लहरीत बुडून जातो. मेयर-मोरन यांच्या जाळ्याची भोकंच इतकी मोठी होती की एवढा लहान मासा त्यात अडकणं कठीण होतं. त्यावरून तळ्यात मासा नाही असं म्हणता येत नाही. पण राइस यांच्या जाळ्यात सापडला तो मासा केवढा, हेही बघायला हवं ना? १०० पैकी ५० उत्तरं तर टॉसनेही बरोबर येतात. वरची २.३ ही खरी कमाई. 'योगायोग नाही' आणि 'मोठं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. जाहिरात पहिलं वाक्य घेते आणि दुसऱ्याचे पैसे लावते.

आणि हे अभ्यास ब्लूटूथवर झालेले नाहीत, हेही लक्षात घ्या. शांत खोली, चांगली यंत्रणा, लक्ष देऊन ऐकणारी माणसं, असं सगळं जुळलं तेव्हा कुठे २.३. आपल्याकडे पंखा चालू, कुकरच्या शिट्ट्या चालू.

खरी खिंड: मायक्रोफोन

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येऊ.

ब्लूटूथ हेडफोन दोन अवस्थांत काम करतो. एक संगीताची: आवाज एकाच दिशेने, स्टिरिओ. दुसरी संभाषणाची: आवाज दोन्ही दिशांनी, कारण आता हेडफोनचा मायक्रोफोनही चालू आहे. जुन्या ब्लूटूथमध्ये या दोन अवस्था एकत्र नांदत नाहीत. कुठल्याही प्रोग्रॅमने हेडफोनचा माइक मागितला की कंप्युटर संगीताची वाट सोडून संभाषणाची वाट धरतो. त्या वाटेवरचा सर्वांत जुना कोडेक सेकंदाला ८,००० नमुने घेतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. त्यानंतरचा, २०११ पासूनचा, १६,००० घेतो, म्हणजे ८ किलोहर्ट्झपर्यंत. आणि दोन्हीकडे डावं-उजवं संपलं, एकच चॅनेल.

आता प्रयोगशाळेतली एक पद्धत सांगते. आवाजाच्या दर्जाला गुण देण्यासाठी 'मुश्रा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी वापरतात. त्यात श्रोत्यासमोर बरेच नमुने ठेवतात, मूळ आवाज त्यांच्यातच लपवलेला असतो, आणि जोडीला मुद्दाम खराब केलेले दोन नमुनेही मिसळतात. त्यांना 'अँकर' म्हणतात. ते कशासाठी? तर 'वाईट म्हणजे काय' याची खूणगाठ बांधलेली असावी म्हणून. हे अँकर कसे बनवतात माहितीय? एकात ३.५ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकतात, दुसऱ्यात ७ किलोहर्ट्झच्या वरचं.

आकडे पुन्हा बघा. ४ आणि ८. ३.५ आणि ७. संशोधक जो आवाज 'वाईटाचा नमुना' म्हणून मुद्दाम तयार करतात, जवळपास तोच पट्टा आपला महागडा हेडफोन माइक चालू झाला की आपल्याला ऐकवतो, आणि तोही एका चॅनेलमध्ये. उतरंडीतला वरच्या-खालच्या कोडेकांमधला फरक ओळखायला प्रशिक्षित कान आणि शेकडो प्रयत्न लागतात. हा फरक शाळकरी पोरालाही पहिल्या सेकंदाला कळतो. तरी खोक्यावर पहिला छापतात, दुसरा नाही.

हे नुसतं चैनीचं दुखणं नाही. २०२० पासून कितीतरी लोक गाणं, सतार, तबला ऑनलाइन शिकतात. गुरुजी पुण्यात, शिष्या न्यू जर्सीत. दोघांच्या कानात ब्लूटूथ, दोघांचे माइक चालू. अशा वेळी तानपुऱ्याचं काय होतं? तानपुऱ्याचा प्राण जवारीत. घोडीच्या पसरट पृष्ठभागावर तार घासत कंप पावते आणि एरवी न येणारे वरचे स्वर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच या घोडीवर निबंध लिहिला होता. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ धरला, तर ४ किलोहर्ट्झच्या कात्रीखाली त्याचे पहिले २८ स्वरांश वाचतात. म्हणजे सूर कळतो, बेसूर झालेलंही कळतं. जाते ती वरची झळाळी. शिवाय संभाषणाचे प्रोग्रॅम पार्श्वभूमीचा अखंड आवाज 'गोंगाट' समजून दाबतात, आणि तानपुऱ्याइतका अखंड आवाज दुसरा कुठला? झूमने २०२० मध्ये संगीतासाठी वेगळी सोय दिली, ज्यात हे दाबणं बंद करता येतं. चांगली सोय आहे. पण शिष्येच्या कानातला हेडफोन संभाषणाच्या वाटेवर असेल तर ती सोय तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. गुरुजी 'आवाज मोकळा सोड' म्हणतात, आणि मोकळा-बंद आवाज ज्यात कळतो तोच भाग वाटेत कापला गेलेला असतो. दोष कोणाच्या गळ्यात शोधायचा?

उपाय फुकटचा आहे. कंप्युटरच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून हेडफोनऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा किंवा वायरचा माइक निवडा. हेडफोन पुन्हा स्टिरिओवर येतो. नव्या 'एलई ऑडिओ' पद्धतीत (ती २०२० मध्ये जाहीर झाली) ही खिंड रुंद केलेली आहे, पण त्यासाठी दोन्ही टोकांना नवीन यंत्रं हवीत. तिच्यातला एलसी३ कोडेक निम्म्या बिटांत एसबीसीपेक्षा सरस आहे असा दावा ती पद्धत ठरवणाऱ्या संस्थेचाच आहे. तत्त्वतः पटण्यासारखा, पण परीक्षार्थीनेच पेपर तपासलाय हे विसरू नये.

वाय-फायवाले सुटले का?

काही जण म्हणतील, आम्ही ब्लूटूथ वापरतच नाही, आमचे स्पीकर वाय-फायवर आहेत. वाय-फायवर जागा मुबलक, आणि स्पीकर एखाद-दोन सेकंदांचा आवाज आधीच साठवून ठेवू शकतो, त्यामुळे हरवलेलं पाकीट पुन्हा मागवायला वेळ मिळतो. ॲपलच्या एअरप्लेची मूळ पद्धत सीडीचा आवाज काही न गमावता पाठवायची. स्नॅपकास्टसारखे मुक्त प्रोग्रॅम फ्लॅक वापरतात.

पण इथेही एक फसवी वळणवाट आहे. संगीताच्या ॲपमधलं 'कास्ट'चं बटण दाबलं तर स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून मूळ प्रवाह ओढतो, कंप्युटर फक्त रिमोट होतो. त्याऐवजी ब्राउझरचा संपूर्ण टॅब कास्ट केला, तर कंप्युटर आधी आवाज उलगडतो, मग पुन्हा आवळून पाठवतो. बटण सारखंच दिसतं, वाट वेगळी. आणि यूट्यूबवरचं गाणं मुळातच एकदा आवळलेलं असतं, हे दुसऱ्यांदा.

'बिट-परफेक्ट' म्हणणाऱ्यांसाठीही एक वाक्य. गाणं चालू असताना ई-मेलची 'टिंग' ऐकू येते ना? म्हणजे सगळे आवाज कंप्युटरच्या मिक्सरमधून एकत्र होऊन जातायत, आणि तिथे ४४.१ चे ४८ किलोहर्ट्झही होत असतील. चांगल्या रीतीने केलं तर यात कानाला कळण्यासारखं काही बिघडत नाही. त्या काळजीत झोप उडवू नका.

झोप उडवायचीच तर रेडिओसाठी उडवा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, तिथेच जुनं वाय-फाय, तिथेच मायक्रोवेव्ह. आणि तिथेच यूएसबी ३! इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय की यूएसबी ३ ची जोडणी या पट्ट्यात गोंगाट सोडते. लॅपटॉपच्या एका खाचेत ब्लूटूथचा खडा आणि शेजारच्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क असेल, आणि गाणं तुटत असेल, तर नवा हेडफोन घेण्याआधी खडा दुसऱ्या बाजूला लावून बघा.

मग करायचं काय?

स्वतः तपासा, पण लपवून. एखाद्याला बसवा, दोन कोडेक (किंवा तार आणि बिनतारी) आलटून-पालटून त्याने लावायचे, नाणं उडवून, तुम्हाला न सांगता. आवाजाची पातळी दोन्हीकडे तंतोतंत सारखी हवी, कारण किंचित मोठा आवाज 'मोठा' म्हणून नाही, तर 'चांगला' म्हणून कळतो. दुकानातल्या निम्म्या चमत्कारांचं रहस्य एवढंच. १६ वेळा ओळखायचा प्रयत्न करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. तेव्हा म्हणा, फरक आहे. ९ आले तर पैसे खिशात ठेवा.

परीक्षणं वाचताना तीन प्रश्न विचारा. कुठल्या यंत्राला जोडून ऐकलं? कुठला कोडेक चालू आहे हे तपासलं की गृहीत धरलं? माइक चालू असताना ऐकलं का? तिन्हींची उत्तरं नसतील तर ते परीक्षण हेडफोनचं नाही, खोक्याचं आहे.

कोडेकवर काम करणाऱ्यांनी वीस वर्षांत जे मिळवलं त्याबद्दल मला आदरच आहे. म्हणूनच ते काम एका शिक्क्यात कोंबून विकलं जातं तेव्हा राग येतो. त्यातून ऐकणाऱ्याला असं शिकवलं जातं की दर्जा विकत घ्यायचा असतो. आपल्या लॅपटॉपमधली सर्वांत वाईट कडी मात्र एका सेटिंगने सुटते, आणि तिला किंमत नाही, म्हणून तिची जाहिरातही नाही.